सुट्टे आहेत का?

एसटीच्या तिकिटाला पाठ असते आणि त्या पाठीचा उपयोग कंडक्टरांनी शोधून काढला. तिकीट चौसष्ट रुपयांचं, प्रवाशानं दिली शंभराची नोट, बॅगेत सुट्टे नाहीत. अशा वेळी कानामागचं पेन काढायचं, तिकिटाच्या पाठीवर ३६ लिहायचं, भोवती गोल काढायचा आणि 'उतरताना घ्या' म्हणत पुढच्या सीटकडे वळायचं. त्या क्षणापासून तो कागदाचा कपटा तिकीट कमी आणि हुंडी जास्त होतो. कंडक्टर ऋणको, प्रवासी धनको, मुदत पुढच्या स्टँडपर्यंत. हमी कोणाची? कोणाचीच नाही. प्रवासी खिडकीतून बाहेर बघत असतो, पण निम्मं लक्ष मुठीतल्या त्या गोलाकडे. डुलकी लागली, स्टॉप आला, सामान घेऊन धावत उतरला, की छत्तीस रुपये गेले. नंतर घरी खिशात तो कपटा सापडतो तेव्हा माणूस स्वतःवरच चिडतो.

मोबाइलनं प्रवास आणि पैसे यांचं नातं कसं बदललं हे सांगायला मी या गोलापासून सुरुवात करतो, कारण मूळ अडचण तिथे उघडी पडते. गाडीचं भाडं हा जगातला एक विचित्र व्यवहार आहे. रक्कम किरकोळ, देणारे हजारो, एकमेकांना अनोळखी, गाडी हलती आणि वेळ जवळजवळ शून्य. किराणा दुकानदार 'उद्या द्या' म्हणू शकतो, कंडक्टर म्हणू शकत नाही. म्हणून भाडं घेण्याची प्रत्येक नवी पद्धत, मग ती पुठ्ठ्याचं तिकीट असो, कार्ड असो की फोन, एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत असते: कोणी कोणावर, किती वेळ आणि किती रुपयांपुरता विश्वास ठेवायचा? यंत्रं त्यानंतर येतात. आधी दोन-चार संस्थांना एका टेबलाभोवती बसून हे ठरवावं लागतं, आणि घोडं बहुतेक वेळा त्या टेबलाशीच अडतं.

हाँगकाँगमध्ये ते टेबल सुट्ट्या पैशांच्या टंचाईनं मांडलं. १९९२ च्या सुमारास तिथे नाण्यांचा दुष्काळ पडला. १९९७ मध्ये ब्रिटिश जाणार हे ठरलेलं, त्यामुळे राणीचं चित्र असलेल्या नाण्यांना पुढे भाव येईल या आशेनं लोकांनी ती घरात दडवायला सुरुवात केली. बसमध्ये, फेरीबोटीत, गाडीच्या फाटकाशी नाणी मिळेनात. शहरातल्या पाच प्रमुख वाहतूक कंपन्यांनी, त्यात दोन रेल्वेवाल्या, दोन बसवाल्या आणि एक बोटवाली, १९९४ साली एकत्र येऊन एक वेगळीच कंपनी काढली. तिचं काम एवढंच, की सगळ्यांसाठी एक कार्ड चालवायचं आणि रोज रात्री कोणाच्या वाट्याला किती आले याचा हिशेब लावायचा. १ सप्टेंबर १९९७ ला ऑक्टोपस कार्ड सुरू झालं. पाचही कंपन्यांची एकमेकींशी स्पर्धा होती, तरी गल्ला सामायिक. आपल्याकडे एका चाळीतली पाच बिऱ्हाडं पाण्याच्या एका मीटरवर एकमत करू शकत नाहीत, हे लक्षात घेतलं तर त्यांनी काय केलं ते कळतं. पुढे ते कार्ड दुकानांत, कॉफीच्या यंत्रात, पार्किंगमध्ये चालू लागलं. तरी त्याचा जन्म गाडीभाड्यासाठी झाला, आणि त्याचं कारण नाणं हे होतं.

त्या कार्डातली चिप सोनी कंपनीची होती, फेलिका नावाची. तीच चिप जपानमध्ये वेगळ्या कसोटीला उतरली. तोक्योच्या फाटकांशी सकाळी जी गर्दी असते तिच्यात एका फाटकातून मिनिटाला साठ माणसं जायला हवीत, म्हणजे माणशी एक सेकंद. त्या सेकंदात माणूस चालत येणार, हात पुढे करणार, फाटक उघडणार आणि तो पलीकडे जाणार. कार्ड वाचून, शिल्लक तपासून, नवी शिल्लक लिहून द्यायला यंत्राच्या वाट्याला उरतात सेकंदाचे दोन दशांश. या वेळात दूरच्या कुठल्या बँकेला विचारून यायला फुरसत नाही. म्हणून पैसे कार्डातच ठेवले. फाटक आणि कार्ड आपसात बोलतात, तिसऱ्याला विचारत नाहीत. १८ नोव्हेंबर २००१ ला पूर्व जपान रेल्वेनं ते कार्ड बाजारात आणलं, नाव सुइका. जपानीत 'सुइसुइ' म्हणजे अडथळ्याविना सुळकन पुढे जाणं. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मोबाइलचा प्रवेश इथे होतो. मोबाइल कंपनी दोकोमोनं २००४ मध्ये ती चिप फोनमध्येच बसवली आणि जानेवारी २००६ मध्ये सुइका फोनवर आलं. आयफोन अजून जन्मायचा होता. घडी घालायच्या फोनच्या काळात तोक्योतला नोकरदार फोन फाटकावर टेकवून जात होता. त्यामागे चिप बनवणारी एक, फोनची सेवा देणारी दुसरी आणि रेल्वे चालवणारी तिसरी, अशा तीन कंपन्यांचं भांडवल आणि भांडण दोन्ही होतं. आणि गंमत अशी, की इतक्या शिस्तीच्या देशातसुद्धा तोक्योचं कार्ड, ओसाकाचं कार्ड, होक्काइदोचं कार्ड अशा दहा प्रमुख कार्डांनी एकमेकांना देशभर स्वीकारायला मार्च २०१३ उजाडला. चिप कित्येक वर्षं आधीपासून तयार होती. सह्या व्हायच्या बाकी होत्या.

आता दादर.

मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर-पंच्याहत्तर लाख फेऱ्या होतात. एवढ्या लोकांना खिडकीवर तिकीट देणं कधीच शक्य नव्हतं. पासवाले वाचले, पण महिन्यातून दोनदा जाणाऱ्याचे हाल. त्याच्यासाठी आधी कुपनं आली. छोटं पुस्तक, त्यात एक-दोन-चार रुपयांची कुपनं, आणि प्लॅटफॉर्मवर ती छापून देणारी पेटी. भाड्याइतकी कुपनं एकेक करून तिच्या तोंडात सरकवायची. आत 'खटॅक' असा जाडा आवाज व्हायचा आणि स्टेशनाचं नाव, तारीख, वेळ उमटायची. शाई फिकी असली की टीसीशी हुज्जत ठरलेली. पेटी बंद असेल तर दुसऱ्या टोकाच्या पेटीकडे धावायचं, तोवर गाडी सुटलेली. तरीही कुपनाचं मूळ तत्त्व शहाणपणाचं होतं: पैसे आधी एकरकमी घ्या, खर्च नंतर थोडाथोडा होऊ द्या. सुट्ट्यांचा प्रश्न प्रवासाच्या क्षणापासून दूर नेऊन ठेवा. पुढे २००७ पासून आलेल्या एटीव्हीएम यंत्रांनी आणि त्यांच्या स्मार्ट कार्डानंही हेच केलं. ऑक्टोपस, सुइका आणि आपलं कुपन यांचं गोत्र एकच. २०१५ च्या सुमारास कुपनं बंद झाली.

त्याच सुमारास रेल्वेच्या माहिती यंत्रणा केंद्रानं, म्हणजे क्रिसनं, यूटीएस नावाचं अॅप आणलं. २०१४ च्या अखेरीस ते मुंबईत सुरू झालं तेव्हा फोनवर काढलेलं तिकीट स्टेशनवरच्या यंत्रातून छापून घ्यावं लागे, म्हणजे रांग टाळायला काढलेलं तिकीट घेऊन पुन्हा रांगेत. लोकांनी त्याला जे म्हणायचं ते म्हटलं. २०१५ मध्ये कागद सुटला, आणि खरा पेच समोर आला. मुंबईच्या लोकल स्टेशनांना फाटकं नाहीत. कोणीही येतो, कोणीही चढतो, अधूनमधून टीसी भेटतो. फोनवर पाच सेकंदांत तिकीट निघत असेल तर शहाणा प्रवासी ते कधी काढेल? टीसी दिसल्यावर.

या पेचाला शोधलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते अस्सल मुंबईचं आहे. फाटक बांधता येत नाही ना, मग ते आकाशातून बांधा. फोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहांवरून कळतं. रुळांपासून ठरावीक मीटरांच्या आत असाल तर अॅप तिकीट देणार नाही. स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडशी, फुलवाल्याच्या टपरीशी उभं राहून तिकीट काढायचं आणि मग आत शिरायचं. डोंबिवलीला किंवा अंधेरीला सकाळी पाहा: जिन्याच्या पायरीशी येऊन थबकलेला माणूस फोनकडे बघत चार पावलं मागे जातो, पुन्हा दोन पावलं, हात उंच करतो, कपाळाला आठ्या. दुरून बघणाऱ्याला वाटेल की काही विधी चालला आहे. तो अदृश्य फाटकाच्या बाहेर पडायचा प्रयत्न करत असतो. दाटीवाटीच्या इमारतींत फोनचा अंदाज दहा-वीस मीटर चुकतो, आणि रूळ तर शहरात सगळीकडेच जवळ.

मग आत आलेल्यांसाठी स्टेशनच्या भिंतींवर क्यूआर कोड चिकटवले. तो स्कॅन केला की तुम्ही स्टेशनात आहात, गाडीत नाही, एवढं सिद्ध होतं. आपल्या लोकांनी त्या कोडचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. मग डब्यात बसून मित्राच्या फोनवरचा कोड स्कॅन करायचा, तिकीट हजर. कोड छापणाऱ्याला वाटलं होतं की भिंत हलत नाही. भिंत हलली नाही हे खरं, तिचा फोटो मात्र फिरला. त्यामुळे आता न बदलणाऱ्या छापील कोडऐवजी क्षणाक्षणाला बदलणाऱ्या पडद्यावरच्या कोडची भाषा सुरू झाली. चोर आणि शिपायाचा हा खेळ पुढेही चालेल.

क्यूआर कोडचा उल्लेख झालाच आहे तर त्याचं मूळ गाव सांगून टाकतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर लावण्यासाठी. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळाच्या पटावरून हारांना कल्पना सुचली. कंपनीकडे पेटंट होतं, पण वापरणाऱ्यांकडून तिनं पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर भाजीवालीच्या गाडीवर, रिक्षाच्या सीटमागे, देवळाच्या दानपेटीवर तो दिसला नसता. कारखान्यातल्या खोक्यांचं लेबल आपल्याकडे पैशांचा पत्ता झालं.

पत्ता म्हणजे पैसे नव्हेत. पत्त्यावर पैसे पोहोचवणारी व्यवस्था लागते, आणि भारतात ती आली ११ एप्रिल २०१६ रोजी. रघुराम राजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्यांनी मुंबईत यूपीआयचं उद्घाटन केलं तेव्हा एकवीस बँका तयार होत्या. त्यामागे उभी होती ती राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, बँकांनीच मिळून २००८ मध्ये काढलेली संस्था. त्याआधी फोनवर पाकिटं होती, पण ज्या कंपनीचं पाकीट त्याच कंपनीच्या पाकिटात पैसे जात. तुमचं एक आणि दुकानदाराचं दुसरं असेल तर दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. यूपीआयनं अॅप आणि खातं यांची गाठ सोडली. अॅप एका कंपनीचं, खातं सहकारी बँकेत, घेणाऱ्याचं अॅप तिसरंच आणि खातं सरकारी बँकेत, तरी चालतं. तुम्ही पिन टाकता तेव्हा तुमचं अॅप त्याच्या पाठीशी असलेल्या बँकेला सांगतं, ती एनपीसीआयला, एनपीसीआय तुमच्या बँकेला विचारतं की पैसे आहेत का, हो म्हटल्यावर तिथून वजा होतात, घेणाऱ्याच्या बँकेत जमा होतात आणि होकार त्याच वाटेनं परत येतो. पाच-सहा ठिकाणी टपाल पोहोचतं आणि उत्तर येतं, इतक्या वेळात वडापाववाल्यानं पावाला चटणी लावलेली असते.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि लोकांना हा रस्ता धरावाच लागला, हे सगळ्यांना आठवतं. सवय मात्र नंतर लागली, नोटा परत आल्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याच्या व्यवहारांनी हजार कोटींचा आकडा ओलांडला, आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, दोन हजार कोटींचा.

फुकट वाटणाऱ्या या सेवेचं बिल कोणीतरी भरतंच. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे. म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटासाठी जे पाच-सहा सर्व्हर जागे झाले, त्यांच्या विजेचं काय? काही भाग सरकार देतं. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४-२५ या वर्षासाठी पंधराशे कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, त्यात लहान दुकानदारांच्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के. उरलेला भार बँका आणि अॅपवाले सोसतात, आणि कर्ज, विमा, म्युच्युअल फंड विकून भरून काढू बघतात. तुम्ही बसचं तिकीट काढता आणि अॅप विचारतं, सोनं घ्यायचं का? त्यामागचं कारण हे.

इतकी चांगली व्यवस्था बसमध्ये मात्र धापा टाकते. बेस्टच्या बसमध्ये संध्याकाळी सहा वाजता कंडक्टरला दोन स्टॉपांमध्ये वीस-पंचवीस तिकिटं फाडायची असतात. दहाची नोट दोन सेकंदांत घेता येते. यूपीआयला फोन उघडा, स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, चक्र फिरू द्या. बस पुलाखाली गेली की चक्र फिरतच राहतं. एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्यात फोन, खांद्यावर डबा. पिनची कटकट वाचवण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं: थोडे पैसे फोनमध्येच आधी काढून ठेवा, लहान रकमेला पिन नको. ओळखीचं वाटतं ना? पुन्हा कुपनाचं पुस्तक.

दुसरा मार्ग कार्डाचा. ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत राष्ट्रीय सामायिक वाहतूक कार्डाचं उद्घाटन झालं. रुपे कार्डाच्या चिपमध्येच एक छोटा कप्पा, त्यात भाड्याचे पैसे. टेकवलं की यंत्र त्या कप्प्यातून पैसे कापतं, बँकेला नंतर सवडीनं कळवतं. हे सुइकाचं तत्त्व, फक्त कार्ड रेल्वेचं नसून बँकेचं. त्यामुळे कोणत्याही शहरात चालायला हवं. बेस्टनं २०२१ च्या डिसेंबरात चलो या कंपनीबरोबर अॅप आणलं आणि पुढच्या वर्षी असं कार्डही. लंडननं तिसरीच वाट धरली. तिथे कप्पा वगैरे काही नाही, लोकांच्या खिशातलं साधं बँकेचं कार्डच २०१२ पासून बसमध्ये आणि २०१४ पासून भुयारी रेल्वेत चालू लागलं. दिवसभर कुठे कुठे टेकवलं ते लक्षात ठेवून रात्री एकदाच भाडं लावतात. थोडक्यात, वाहतूक खातं तुम्हाला दिवसभर उधारीवर फिरवतं. आणि जुलै २०१४ मध्ये लंडनच्या बसनं रोख पैसे घेणं बंदच केलं.

आपल्याकडे ते करता येणार नाही, आणि माझ्या मते करूही नये. बेस्टची एक गोष्ट या ठिकाणी सांगण्याजोगी आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठ रुपयांवरून पाचवर आलं. प्रवासी सुखावले, गर्दी वाढली, आणि डेपोत पाचाच्या नाण्यांचे ढीग साचले. इतके, की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत दिला गेला. कंडक्टरनं दिवसभर जी चिल्लर गोळा करायची, तीच पिशवीतून घरी न्यायची. मे २०२५ मध्ये भाडं दहावर गेलं. एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ त्याच वर्षीच्या जानेवारीतली. टक्केवारीचा हा आकडाच सांगतो की सुट्ट्यांचा वाद संपलेला नव्हता. आता एसटीच्या कंडक्टरांच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावरही क्यूआर कोड उमटतो.

रिक्षात चित्र वेगळं. ठाण्यात, कल्याणात शेअर रिक्षाच्या सीटमागे कोड चिकटवलेला असतो. स्कॅन केला की भलतंच नाव येतं. 'दादा, बाईचं नाव येतंय.' 'बरोबर आहे, आमच्या मंडळींचं खातं आहे.' आणि पुष्कळदा त्याआधीच विनंती येते: 'कॅश असेल तर बघा ना साहेब, गॅस भरायचाय.' शहरी माणसाला यात करचुकवेगिरीचा वास येतो. मला तो येत नाही. ज्याचा गल्ला रोजचा, त्याला पैसा रोज हातात लागतो. रिक्षा भाड्याची असेल तर मालकाला रात्री हिशेब द्यायचा, दुपारचं जेवण, पंक्चर, पोराच्या वहीचे पैसे. खात्यात गेलेले पैसे कर्जाचा हप्ता परस्पर ओढून नेतो. हातातली नोट कोणी परस्पर ओढत नाही.

केनियात हेच प्रकरण फार मोठ्या प्रमाणावर घडलं, आणि ते अपयश अभ्यासण्यासारखं आहे. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या कंपनीनं तिथे एम-पेसा सुरू केलं: साध्या फोनवरून पैसे पाठवा, गावच्या दुकानातून रोख उचला. काही वर्षांत देशभर पसरलं. मग नैरोबीच्या मटाटूंमध्ये, म्हणजे आपल्या वडाप आणि मिनीबससारख्या खासगी गाड्यांमध्ये, रोखीशिवाय भाडं घ्यायचं ठरलं. २०१३ मध्ये गुगलनं इक्विटी बँकेशी हातमिळवणी करून बेबापे नावाचं टेकवायचं कार्ड आणलं. सरकारनं २०१४ मध्ये रोख बंद करण्याची मुदतही घातली. जगातली बलाढ्य कंपनी, देशातली मोठी बँक आणि सरकारचा हुकूम, तिघेही एका बाजूला. २०१५ मध्ये बेबापे बंद झालं. मटाटूचा ड्रायव्हर आणि कंडक्टर मालकाला ठरलेली रक्कम देतात आणि वरचे पैसे वाटून घेतात. पाऊस आला, गर्दी वाढली, की भाडं वाढवतात. सगळं कार्डावर गेलं तर वरचे पैसे मालकाला दिसणार. भागीदारीच्या टेबलाभोवती गाडी प्रत्यक्ष चालवणारी दोन माणसं नव्हती. त्यांनी यंत्र 'बिघडलंय' म्हणून सांगितलं आणि हात पुढे केला.

आपल्याकडे एका बलाढ्य कंपनीला नियमापुढे वाकावं लागलं. उबर २०१३ मध्ये भारतात आली तेव्हा गाडीतून उतरा आणि चालू लागा, कार्डावरून पैसे आपोआप कापले जातील, हीच तिची जादू होती. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खूण हवी, ओटीपी किंवा तत्सम. पैसे परदेशातून वळवून ही पायरी गाळता येणार नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०१४ मध्ये बजावलं आणि ऑक्टोबरअखेरची मुदत दिली. नोव्हेंबरात उबरनं पेटीएमच्या पाकिटाशी करार केला. आणि मे २०१५ मध्ये हैदराबादेत तिनं चक्क रोख घ्यायला सुरुवात केली. खिशात हात घालावा लागणार नाही म्हणून जन्मलेली कंपनी 'सुट्टे आहेत का?' विचारू लागली. बंगळुरूत नोव्हेंबर २०२२ मध्ये उलटी चाल झाली: रिक्षाचालकांच्या संघटनेनं जसपे या पेमेंट कंपनीला बरोबर घेऊन नम्मा यात्री अॅप काढलं. प्रत्येक फेरीवर टक्केवारी कापायची नाही, पुढे रोजचे पंचवीस रुपये वर्गणी. पैसे थेट चालकाच्या हातात, रोख किंवा यूपीआय. नैरोबीत ज्यांना टेबलाशी बोलावलं नव्हतं, ते इथे खुर्चीवर होते.

मुंबईचं टेबल सगळ्यात लांब. अंधेरीला पाहा. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ ची, खासगी कंपनीनं बांधलेली. गुंदवलीहून निघणारी मेट्रो २०२३ ची, राज्याच्या संस्थेची. दोन स्टेशनं पुलानं जोडली. माणूस सावलीतून दोन-चार मिनिटांत इकडून तिकडे जायचा, आणि पलीकडे जाऊन नवं तिकीट काढायचा. पूल जोडलेला, तिकीट तुटलेलं. सिमेंट ओतणं सोपं आहे, गल्ला एक करणं कठीण. जानेवारी २०२३ मध्ये 'मुंबई वन' नावाचं कार्ड आलं होतं. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याच नावाचं अॅप आलं, आणि त्यात अकरा वाहतूक संस्था एकत्र आहेत: लोकल, बेस्ट, मुंबईच्या मेट्रो, मोनोरेल, नवी मुंबईची मेट्रो, आणि ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई यांच्या परिवहन सेवा. एका कोडवर बस, लोकल आणि मेट्रो. तो कोड फाटकावर धरला की पडद्याआड त्या तिकिटाचे तुकडे होतात: एवढे रेल्वेचे, एवढे पालिकेचे, एवढे मेट्रोचे. प्रवाशाला ते दिसत नाही. अकरा हिशेबनिसांना मात्र रोज पाहावं लागेल, आणि एखादा परतावा कोणी द्यायचा यावर पहिली खडाजंगीही होईल. हाँगकाँगनं त्यासाठी स्वतंत्र कंपनी आधी काढली होती आणि कार्ड मागून छापलं होतं. आपण कार्ड आधी छापलं.

पावसाळ्यात एकदा घाटातून जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी होती. कंडक्टरनं यंत्राच्या पडद्यावर कोड दाखवला, तिनं फोन धरला. चक्र फिरू लागलं. एक वळण, दोन वळणं. 'रेंज गेली,' ती म्हणाली. 'पर्स नाही आणली, फक्त फोन आहे.' कंडक्टरनं एकदा तिच्याकडे आणि एकदा खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. यंत्रातून तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि पुढे गेला. वर खिंडीत चहाच्या टपरीशी बस थांबली तेव्हा तो तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. 'आली का रेंज?' तिनं मान हलवली आणि त्यानं यंत्र खिडकीशी उंच धरलं.